दिशाची दृष्ट

३ सप्टेंबर १९९९

आज पुन्हा कौतुक! शेजारची कुसाबाई म्हणाली, तुमची दिशा म्हणजे जुनी जाणती बाईच जणू. नऊ वर्षांची नात माझी! तिची आई, माझी सून सुवर्णा, महिनोन्‌महिने भिंतीकडं तोंड करून पडलेली असते, मध्येच उठून घरभर रडत फिरते. आणि दिशा? चहा करते, आईला गोळी देते, जीभ उचलायला लावून गिळली का बघते, मग शाळेत. हट्ट नाही, रडणं नाही. कुसाबाईची नात फ्रॉकसाठी गडाबडा लोळते. आमची नाही!

शेवंतीला कळी बरी धरली आहे.

८ सप्टेंबर

दिशाचं पोट दुखतंय. कुसाबाईचीच नजर. मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या तरी ठसका म्हणून नाही. म्हणजे नजर पक्की.

२१ सप्टेंबर

शाळेची सहल त्र्यंबकला गेली. दिशा गेली नाही. तिचा बाप देवराम जा म्हणत होता. तर म्हणते, "मी नाय जात आज्जी. आई उठली आन्‌ मी नसले तर?"

मी म्हटलं, मी आहे ना.

"तुला झोप लागते."

किती हसले मी! खरंच लागते. दुपारी कळ्या ओवता ओवता सुई हातात धरून डुलक्या घेते. पोरीचं लक्ष केवढं! आळीत सगळ्यांना सांगून आले. नंतर आठवलं, कुसाबाईलाही सांगितलं. पुन्हा मिरच्या.

२ ऑक्टोबर

पोट दुखतंच. ठसका नाहीच.

१७ ऑक्टोबर

दसरा तोंडावर. देवराम झेंडूचा टेम्पो भरून पहाटेच फुलबाजारात. घरात पाय ठेवायला जागा नाही, जिकडं तिकडं फुलंच. राहिलेल्या कळ्यांचा गजरा करून दिशाला माळायला घेतला. बसेचना. सारखा घसरतो. केस बाजूला केले तर मागं चांगला रुपयाएवढा चट्टा, गुळगुळीत. चाई लागली. माझ्या चुलत्यालाही लागली होती, तो फेटा काढायचाच नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा! जास्वंदीचं तेल चोळलं. दुखलं तरी बोलत नाही, गुणाची.

२३ ऑक्टोबर

सुवर्णा आज आपणहून उठली, ओसरीवर येऊन बसली. नव्या गोळ्या मानवल्या. दिशाचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवत राहिली. किती दिवसांनी! मी म्हटलं, जपून गं, चाई आहे, नजरेनं झाली.

सुवर्णाने दिशाची मूठ धरली. एकेक बोट सोडवलं. आत केस.

"आत्या, ही नजर नाय. ही उपटते."

मी म्हटलं, छे, आमची एवढी शहाणी पोर!

"माझ्यापायी शहाणी झालीय ती," सुवर्णा म्हणाली. "माझ्या डॉक्टरकडं हिला न्या."

आणि दिशा काय म्हणते, "दुखत नाय गं आई. तू रडू नको."

तेल तसंच वाटीत राहिलं.

२६ ऑक्टोबर

सुवर्णाच्याच दवाखान्यात गेलो. या खेपेला नाव पुकारलं ते दिशाचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं. मग बोलावून सांगितलं, आजी, आईच्या गोळ्या तुम्ही द्या, हिला खेळायला पाठवा. आणि सारखं शहाणी, शहाणी म्हणू नका.

आता हे काय! चांगल्या पोरीला चांगलं म्हणायचं नाही? घरी येईपर्यंत मी बोलले नाही कुणाशी. रिक्षावाल्याशी तेवढी बोलले, तो माझ्या माहेरचा, येवल्याचा निघाला.

४ नोव्हेंबर

गोळी मी देते. दिशा दारात उभी. "जीभ बघितली का?" बघितली, जा. जात नाही. दुपारी मला डुलकी लागली की येऊन हलवते.

१२ डिसेंबर

आज गोळी देताना दारात बघते तर दिशा नाही. अंगणात कुसाबाईच्या नातीशी भांडत होती.

९ जानेवारी २०००

आज बाजारात, रविवार कारंज्याच्या चौकात, दिशाने भर रस्त्यात फतकल मारली. लाल चपलाच पाहिजेत! सुवर्णा ओरडली तशी गडाबडा लोळली, जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. घरी आल्या आल्या पोरीवरून मिरच्या उतरवल्या. असला ठसका, चौघंही खोकत अंगणात!