भोपळ्यावरची बोली

रविवार, ११ नोव्हेंबर १९४५

शाळा मार्चअखेर बंद. मिशनचं पत्र आलं — लढाईपासून परदेशातून येणारा पैसा आटला आहे. चार ओळींचं पत्र. मला इथे शिकवायला लागून सोळा वर्षं झाली. ओळीला चार वर्षं.

ही म्हणाली, म्युनिसिपालिटीच्या शाळेचे हेडमास्तर मार्चमध्येच निवृत्त होतात, अर्ज टाका. अर्ज जातो लालासाहेबांकडे. शाळा समितीचे अध्यक्ष ते, रेशनच्या दुकानाचे मालक ते, जानेवारीच्या निवडणुकीतले उमेदवारही तेच. गावात कशासाठीही एकाच दारात उभं राहिलं की पुरतं.

अर्ज टाकला.

बुधवार, १४ नोव्हेंबर

हरणाबाई रिकामी पिशवी घेऊन आली. तिचा मुलगा पलटणीत आहे, अजून ब्रह्मदेशातून परतलेला नाही. त्याचं पत्र मी वाचून दाखवतो. आज पत्राआधी साखरेचंच बोलली. दुकानात संपली म्हणाले. आमच्या आळीला हा तिसरा आठवडा.

शाळा सुटल्यावर दुकानामागच्या बोळातून आलो. साखरेची पोती बैलगाडीत चढत होती. वर कडबा टाकत होते. लालासाहेबांचा मुनीम उभा होता. मला पाहून त्याने नमस्कार केला.

मीही केला.

रविवार, १८ नोव्हेंबर

मिशनच्या देवळात कापणीचा सण. मंडळींनी पिकातलं पहिलं आणलं — बाजरी, शेंगा, अंडी, एक कोंबडा. उपासनेनंतर लिलाव. पुकारायचं काम दरवर्षी माझं, लिलावाची घंटाही माझ्याकडे. घेणारा वस्तू पुन्हा देवालाच देतो, मी पुन्हा पुकारतो. गेल्या वर्षी एक अंडं सात वेळा विकलं. आठव्यांदा फुटलं.

हरणाबाईने भोपळा आणला. भांडी घासलेल्या पाण्यावर वाढवलेला. ती मूळची माणची, दुष्काळी मुलखातली. तिच्या घरात पाणी सांडत नाही.

लालासाहेब पुढच्या खुर्चीवर होते. पाळकसाहेबांनीच बोलावलं होतं. भोपळा दीड रुपयापर्यंत चढला आणि ते बसल्या जागी म्हणाले, एकशेएक. मग उठले, आमच्या बावीस मतांकडे वळले. "भोपळा परत देवाला. आणि तुमच्या देवळाच्या कौलांचं काय लागंल ते बी मी बघतो. तुमी आपलीच मानसं हाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरले. पावसात कौलं गळतात, हे खरं आहे.

एक वार, म्हणालो. दोन वार.

आणि कडब्याखालची पोती दिसली. आमचीच साखर विकून आमच्याच देवाला दान! मग माझा अर्ज दिसला. तोही त्यांच्याच टेबलावर. किती वेळ गेला ठाऊक नाही.

लालासाहेब हसले. "का वो मास्तर, तीन इसरला? पोरांस्नी तर रोज शिकिवताय न्हवं?" मंडळी हसली.

म्हणालो, "ही बोली मला घेता येत नाही. आधी आमच्या आळीची साखर द्या."

हसू थांबलं. लालासाहेबांनी टोपी सारखी केली, पाळकसाहेबांना नमस्कार केला आणि गेले. मला नाही केला.

सोमवार, १९ नोव्हेंबर

भोपळा देवळातल्या टेबलावरच आहे. विकलेला नाही, कोणी परतही नेलेला नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर

मंडळीच्या पंचांची सभा. पाळकसाहेब म्हणाले, पैसा कुठून आला हे देव विचारत नाही, कुठे लागला हे विचारतो. मी म्हणालो, देवाचं मला सांगता येणार नाही. आळी विचारते आहे.

ठराव असा — मी लालासाहेबांच्या घरी जावं, माफी मागावी आणि राहिलेलं तीन तिथेच म्हणून यावं.

जाणार नाही. तसं लिहून दिलं. त्यांनी लिलावाची घंटा काढून घेतली.

पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. गळकं पाणी त्यांच्याच व्यासपीठावर पडतं.

घरी हिने विचारलं, अर्जाचं काय. गेला, म्हणालो. ती पीठ मळत राहिली. परात झाकून ठेवली आणि म्हणाली, "बरं."

रविवार, २५ नोव्हेंबर

उपासनेआधी हरणाबाईने मला दारातच अडवलं. "आवं मास्तर, माजा भोपळा देवाला चालला न्हाई व्हय?"

याचा मी विचारच केला नव्हता! माझं मन स्वच्छ राहिलं आणि आठवडाभर मान खाली गेली तिची. म्हणालो, खोट भोपळ्यात नव्हती, बोलीत होती.

"व्हय, पर भोपळ्यानं किती दिस वाट बगायची?"

तिने भोपळा उचलला, बाहेर नेऊन चिरला, तीन दगडांची चूल मांडली. उपासना संपेस्तोवर शिजला. सगळ्यांना वाढला. पंचांनी मुकाट्याने खाल्ला. पाळकसाहेबांनी दोनदा घेतला.

बिया तिने पदरात बांधून नेल्या.

रविवार, २ डिसेंबर

बाळासो रस्त्यात भेटले. लालासाहेबांच्या विरोधात उभे आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमी एक शब्द गिळला आन् आमचं निम्मं काम झालं. आमी इसरायचो न्हाई."

सायकल धरून उभा होतो. काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तुमच्यासाठी केलं नाही — एवढंच तर म्हणायचं होतं!

पण मार्च जवळ येतो आहे. आणि हिचं लुगडं दोन ठिकाणी विरलं आहे.

मंगळवार, १५ जानेवारी १९४६

मतमोजणी झाली. लालासाहेब एकोणीस मतांनी पडले. आमची बावीसच्या बावीस बाळासोंना गेली म्हणतात. शाळा समिती आता त्यांच्याकडे.

मला आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण तो इतका व्हायला नको होता.

रविवार, २० जानेवारी

हरणाबाईचा मुलगा पुण्याला पोचला. पत्र वाचून दाखवलं. ती रडली, हसली, पत्र घडी करून कमरेला खोचलं. तरी उठेना.

मग म्हणाली, "पानवठ्यावर बाया म्हंत्यात, मास्तरानं लालासायबाची बोली घेतली न्हाई, कारन बाळासोची आदीच घेतली हुती."

विचारलं, तू काय म्हणालीस?

"मी म्हनलं, इचारते त्यास्नीच. घेतली हुती काय वो?"

नाही, म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं — भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐकतात, तसं. मग गेली.

बुधवार, ३० जानेवारी

आळीला साखर मिळाली. दुकान लालासाहेबांकडून काढून घेतलं, आता तिथे माणूस बाळासोंचा. मुनीम जुनाच आहे.

शनिवार, ९ फेब्रुवारी

बाळासोंचं पत्र. हेडमास्तरकी मला दिली आहे. बाकीचे अर्ज उघडलेच नाहीत, असंही लिहिलं आहे. खाली त्यांच्या हातची एक ओळ — कापणीच्या सणाची आठवण ठेवून.

म्हणजे माझ्यावरही बोली लागली होती. डिसेंबरात, भर रस्त्यात. आणि सायकल धरून मीच मनातल्या मनात एक वार, दोन वार म्हणालो होतो.

नकार लिहिला. हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं." स्वतः जाऊन पोस्टात टाकून आलो.

हरणाबाईला त्या दिवशी नाही म्हणालो होतो. ते आज खरं झालं.