सारकोस्तीबाईचा शेवटचा पाय

आई,

फोन आपटलास म्हणजे भांडण संपलं असं समजू नकोस. "एवढी शिकलीस, आणि 'आमचा ईस्टर' म्हणायला जीभ झडली?" एवढं बोलून मोकळी झालीस. माझं ऐकलंस कुठे?

मी ईस्टरची सुट्टी मागितली. मॅनेजरबाईंनी दिली ती इथल्या जर्मन लोकांच्या ईस्टरची, आपल्या ग्रीक ईस्टरच्या आठवडाभर आधीची. बदलून मागितली तर म्हणाल्या, "फोतिनी, वर्षाला किती ईस्टर लागतात गं तुला?"

बाकी मी मजेत आहे, जेवते वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे?

फ्रिजवर कागदाची सारकोस्तीबाई लावलीय, तू करायचीस तश्शी. हाताची घडी, उपास म्हणून तोंडच नाही, आणि ईस्टरपर्यंतच्या आठवड्यांचे सात पाय. दर शनिवारी एक कापते. माझ्या खोलीतली इलोना म्हणते, "तोंड नाही? तुझीच बहीण शोभते!" परवा राहवलं नाही, एकदम दोन पाय कापले. मग रडत एक परत चिकटवला.

तर ऐक. मी ह्या जर्मन सुट्टीतच येतेय. रविवारी, उपासातही मासे चालतात त्या दिवशी, तुझ्या हातचे मासे खाईन, सोमवारी परत. ईस्टरचं कोकरू तुम्ही खा. पण बाईचा शेवटचा पाय ह्या पाकिटात घातलाय. दरवर्षीसारखा सुक्या अंजिरात लपव, फक्त आठवडाभर आधी, आणि ते नशिबाचं अंजीर माझ्याच ताटात येऊ दे. चर्चमध्ये हे कुणाला सांगू नकोस.

"असं चालत नाही," म्हणशीलच. म्हणून तर फोन केला नाही. पोस्टाची पेटी समोर आहे, बस आली. टाकलं बघ.

तुझी,
फोतिनी