धुऱ्यावरून वळलेला ट्रॅक्टर

तीर्थरूप बाबा,
पुण्याहून तुमच्या पायाले राखीचा हात.

मी मजेत आहे. डब्यात ठेचा नसते, बाकी काही कमी नाही. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहून राह्यली.

इथं क्लासात कॉम्प्युटरवर डावीकडं हुकूम लिहिला की उजवीकडं चित्रातला ट्रॅक्टर लगेच तसा चालते. चुकलं तर हुकूम बदलून पुन्हा चालवायचा. काल परीक्षा होती: कमीत कमी पावलांत सारं वावर पेरा. नापास झालेल्याईले घरी पाठवणार होते. हे तुमच्यापासून लपवलं होतं.

साऱ्यांचे ट्रॅक्टर एक ओळ पेरून रिकामेच मागं येत, मग दुसरी ओळ धरत. मी मात्र वावराच्या कडेले, धुऱ्यावरूनच वळवला, तुम्ही पेरताना तिफण वळवता तसा, अन् येतानाही पेरत आणला. जवळपास अर्ध्या पावलांत वावर झालं! पहिली आली मी, बाबा!

सर म्हणाले, "हे कुठं शिकलीस?"

म्हटलं, "वडनेरले. आमचे बाबा बैल कधी रिकामे परत आणत नाहीत."

आईचे गुडघे कसे आहेत? गणेशदादाले हे गोठ्यात वाचाले सांगा. बैलाईलेही ऐकू द्या, पहिला नंबर त्याईचाही आहे.

तुमची,
राखी