नळीच्या तोंडाची कड

माजिवडा, ठाणे
७ जानेवारी २०२५

ती. उत्तमकाका यांस,
वैशालीचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र. आमच्या नेमबाजीच्या क्लबात पिस्तूल एक आणि आम्ही पाचजण. मार्चमध्ये जिल्ह्याची निवड आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी ही शेवटचीच संधी समजा. तुमच्या कोपरला गुणाजी म्हात्रे म्हणून जुने नेमबाज आहेत, ते आपलं हवेचं पिस्तूल विकतायत. हात थरथरतो म्हणे आता. जुन्या मालातलं मला काय कळणार? तुमची एकतीस वर्षं कारखान्यात माल तपासण्यात गेली. जाऊन बघाल का?

स्वतःचं पिस्तूल आलं की दर रविवारी सराव. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे येणं जमेलच असं नाही, रागावू नका. कोर्टातल्या नोकरीवरून घरी आलं की बोलायला कुणी नसतं. रेंजवर उभी राहिले की तेवढं विसरायला होतं.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची वैशाली

कोपर, डोंबिवली
१३ जानेवारी

चि. वैशाली हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

काल गुणाजींकडे दोन तास बसलो. बाहेरच्या पॉलिशला भुलू नये. आधी स्क्रूच्या खाचा पाहिल्या. अडाणी हाताने उघडलं असेल तर कडा खरवडलेल्या दिसतात. तसं काही नाही. मग मूठ काढायला लावून आतली बाजू पाहिली, जी गिऱ्हाईक कधी बघत नाही. तिथेही काम स्वच्छ. हवेच्या नळकांड्यावर छापलेली वापराची मुदत अजून चार वर्षं आहे. पण नळीच्या तोंडाची कड एका बाजूला दबली आहे. छर्रा बाहेर पडताना तिथेच एका बाजूला ढकलला जाऊन नेम चुकणार. घेऊ नकोस.

पहिल्या रविवारी सुकटीची चटणी करून ठेवतो.
तुझा काका

माजिवडा
१८ जानेवारी

ती. काका,
सविनय जयभीम.

गुणाजींना नको म्हणून कळवलं.  ते म्हणाले, कडेला कधी धक्का लागल्याचं आठवत नाही, पण तुमच्या काकांनी पाहिलंय म्हणजे असेल. क्लबात पिस्तुलासाठी माझा नंबर पाचवा लागतो, सराव होत नाही. निवडीतून नाव मागे घेतलं. तुम्ही होतात म्हणून फसले नाही. पहिल्या रविवारी येतेच.
वैशाली

कोपर
२४ जानेवारी

चि. वैशाली,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू?

कड दबलेली नाही. त्या दिवशी भिंगातून तीनदा पाहिली, सगळीकडून एकसारखी गोल. असा माल मी आयुष्यात थोडाच पाहिला. तुझी काकू गेल्यापासून माझ्या दारात तुझ्याशिवाय कुणी येत नाही. तो रविवार जाईल म्हणून खोटं लिहिलं. कारखान्यात साहेबांनी दम दिला तरी चुकीचा शेरा मारला नव्हता. पहिला खोटा शेरा तुझ्या मालावर मारला.

काल गुणाजींना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मला ऐकू येईना, म्हणून कागदावर लिहून दिलं की पिस्तूल परवाच नाशिकच्या एका मुलीने नेलं.

माफ कर असं म्हणत नाही.
काका

माजिवडा
२९ जानेवारी

ती. काका,
जयभीम.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच परत आणला. तुम्ही नुसतं लिहिलं असतं, की येत जा, तर मी सरावानंतर संध्याकाळी आले असते. हे मलाही आधी सुचायला हवं होतं.

निवडीत नाव परत घातलं आहे. येत्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. या रविवारी मी येणार नाही. राग आहे. पुढच्या रविवारी कल्याणला दुसरं एक पिस्तूल पाहायचंय. दहा वाजता तुम्हाला न्यायला येते. रिक्षात कदाचित बोलणार नाही. तुम्ही पिस्तूल नीट बघायचं आणि जे दिसेल तेच मला सांगायचं.

लोभ कमी झालेला नाही, एवढंच लिहिते.
वैशाली