चरबीच्या थेंबाला ड्रायव्हर नसतो

तीर्थरूप आत्यास,

शिडीवरून खाली उतरून साष्टांग नमस्कार. तुझा खोकला काय म्हणतो? "मेलेला असो की अर्धमेला, विषाणू अंगात घेणार नाही" ही तुझी शपथ अजून शाबूत असेलच. तिच्यापायी इकडे माझ्या जिवाला घोर.

मला दवाखान्याची भिंत रंगवायचं काम मिळालंय. लस कशी काम करते ते चित्रातून दाखवायचं. मी हौसेनं काटेरी विषाणू काढला आणि त्याच्या पाठीवर पेशींसाठी निरोपाची चिठ्ठी दिली. (मागच्या लशीच्या वेळी असाच काढला होता, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं होतं.) या खेपेला बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो पेंटर, या लशीत विषाणू नाहीच! चिठ्ठी चरबीच्या थेंबात गुंडाळून पाठवतात." मी विषाणूवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि थेंब काढला. आता थेंब जाणार कसा, म्हणून त्याला चाकं काढली. चाकं आली म्हणजे ड्रायव्हर आला, त्याला मिशा आल्या. बाई म्हणाल्या, ड्रायव्हर नसतो. मग वाट कशी सापडते? तर म्हणे शोधावीच लागत नाही, सुई टोचली तिथल्या पेशीच थेंब गिळतात. आत थेंब फुटतो, पेशी चिठ्ठी वाचते, विषाणूचा नुसता काटा तयार करते (विषाणू नाही, पण काटा आहे!), शरीर तो ओळखून ठेवतं आणि चिठ्ठीचे तुकडे होतात. वर त्या थेंबात कोलेस्टेरॉल! याच बाईंनी कोलेस्टेरॉलपायी माझं लोणी तोडलंय. तसं विचारलं तर म्हणाल्या, "पेंटर, तुम्ही रंगवा." माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, पण तुझी शपथ न मोडता ही लस घेता येते, एवढं नक्की कळलं.

असो. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता. क. थेंबाशेजारी दंड पुढे करून बसलेली एक बाई हवी होती. ब्रश आपोआप चालला आणि तुझाच चेहरा उतरला, कपाळावरच्या आठीसकट. खाली "मी घेतली, तुम्हीही घ्या" असंही लिहून बसलोय. एवढी खाष्ट बाई घेते म्हणजे भानगड नसणार, असं म्हणत लोकांनी रांग लावलीय. तेवढी लवकर येऊन टोचून घे, नाहीतर मी खोटा पडेन. खोटा पडलो तरी चालेल गं, पण आईमागे मला तूच आहेस. तू खोकायला लागलीस की मला काही सुचत नाही.

ता. क. दुसरा. मी घेतली का, असं विचारशीलच. नाही. विषाणूचं मला काही वाटत नाही, सुईचं वाटतं. हात धरायला तू हवीस.