पांढऱ्या पेशींचं टार्गेट

४ ऑगस्ट, सकाळी ५.२०
कारखान्यात मॅनेजर दिग्विजय सर काल म्हणाले, लाइन इन-चार्जची जागा रिकामी होतेय, महिनाअखेरपर्यंत ज्याचे खाडे कमी त्याला मिळेल. माझा एकही नाही. रविराजचा एक आहे, तोही सर्दीचा! आजपासून गुळवेलीचा काढा. व्हिडिओत सांगितलंय, त्याने पांढऱ्या पेशी वाढतात. या पेशी म्हणजे शरीराचे सिक्युरिटी गार्ड.

५ ऑगस्ट
कडूजहर. रोहिणीने गूळ घाला म्हणून सुचवलं. गुळाने पेशी सुस्तावतात, असं तिला सांगितलं. कुठे वाचलं ते आठवत नाही, पण पटलं.

७ ऑगस्ट
चाकणच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. पेशी ७,२००. शेजारी छापलंय ४,००० ते ११,०००. म्हणजे टार्गेट अकरा हजार. बारा वर्षं प्रॉडक्शनला आहे, मला कुणी टार्गेट शिकवू नये. काढा दुप्पट.

१२ ऑगस्ट
कॅन्टीनमध्ये रविराजला पेशींविषयी समजावलं. म्हणाला, भाऊ, जेवू द्या. म्हणूनच तो मागे राहणार.

१८ ऑगस्ट
बेंबीजवळ दुखतंय. आत भरती चालू असणार.

१९ ऑगस्ट
दुखणं उजवीकडे सरकलं. ताप. ताप म्हणजे पेशींचा ओव्हरटाइम. रोहिणी म्हणाली, "अहो, पोट दुखतंय तर दवाखान्यात चला." आणि खाडा?
शिफ्ट सुटल्यावर लॅबमध्ये मात्र गेलो. पेशी १७,४००! टार्गेटच्या दीडपट! लॅबवाली म्हणाली, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवा. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. अर्धा किलो पेढे घेतले. मला एकही गेला नाही.

२० ऑगस्ट
(२३ला लिहितोय.) लाइनवर पेढे वाटताना वाकलो, तो सरळ झालोच नाही. रविराजने दवाखान्यात आणलं. अपेंडिक्स काढलं.

२४ ऑगस्ट
डॉक्टर मॅडमना रिपोर्ट दाखवला. म्हणाल्या, "या काढ्याने वाढलेल्या नाहीत. आत पू झाला होता, म्हणून वाढल्या. आणखी एक रात्र काढली असती तर फुटलं असतं." मी विचारलं, पण दीडपट ना? त्या पुढच्या बेडकडे गेल्या. रोहिणी रडत होती. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

१ सप्टेंबर
घरी. रविराज शहाळी घेऊन आला. माझ्या रजेचा अर्जही त्यानेच भरून आणला होता. मंजुरीच्या जागी त्याची सही, खाली हुद्दा लाइन इन-चार्ज. "भाऊ, सावकाश या, घाई नाही," म्हणाला आणि पेन पुढे केलं.
सही केली.