संथ गतीतला संताप

२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, रागावणं बंद करा. मी म्हणालो, मी रागावतच नाही. ते म्हणाले, मग माझ्या टेबलावरून मूठ उचला. निश्चय : आजपासून क्षमा. डॉक्टरांनाही.

४ फेब्रुवारी
जेवताना कन्येने बातमी दिली. व्हिडिओ-अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प : एका पॉप गाण्याचा म्युझिक व्हिडिओ. अट अशी की या प्रकारातले रूढ संकेत वापरायचे आणि ते का वापरले हे लिहायचं. मागच्या खेपेस ती याच विषयात आपटली. आता आपटली तर वर्ष गेलं.
मी साहित्यशास्त्र घेऊन संस्कृतचा एम.ए., वर्तमानपत्राचा सांस्कृतिक वार्ताहर. मार्गदर्शनाची तयारी दाखवली. ती म्हणाली, बघू. म्हणजे होकार. मी 'बघू' म्हणतो तेव्हा नकार असतो, पण ही पिढी वेगळी.

७ फेब्रुवारी
गट घरी आला. कॅमेरा धरणारा टोपी (नाव असेल काहीतरी, पण टोपी उतरत नाही), गाणारी चिमणी आणि संकलन करणारा मौनीबाबा, जो फक्त लॅपटॉपशी बोलतो. दिग्दर्शन कन्येचं.
बेत ऐकला. चिमणी जिन्यात गाणार. पुढची ओळ गच्चीवर, आणि मधल्यामध्ये कपडे बदललेले. माइक नाही. वाद्यं ऐकू येणार, वाजवणारे दिसणार नाहीत. ध्रुवपद आलं की रस्त्यावरचे अनोळखी लोक एकाएकी एकसारखे नाचणार. दर ठोक्याला चित्र बदलणार. बंद खोलीत हिचे केस उडणार.
मी अत्यंत शांतपणे एवढंच विचारलं, की बंद खोलीत वारा येतो कुठून? टोपी म्हणाला, काका, ते तसंच असतं.
शेजारच्या वकीलबाई बेल वाजवून 'सगळं ठीक आहे ना' विचारून गेल्या. लोकांना दुसऱ्याच्या घरात कान लावायची फार खोड.

९ फेब्रुवारी
माझी संहिता तयार. एक प्रौढ गृहस्थ खुर्चीत. समोर भिंत. गाणं लांबून येतं. गायिका दिसत नाही. कॅमेरा हलत नाही. शांतरस.
कन्या म्हणाली, यात एकही संकेत नाही. मी म्हणालो, मोडणं हाही वापरच. बघू, म्हणाली. दुसरा होकार. दाढी वाढवायला घेतली.

१३ फेब्रुवारी
शूटिंग आमच्याच दिवाणखान्यात. कॉलेजचा भारी कॅमेरा फक्त आजच्यापुरता मिळालेला. मला आतल्या खोलीत बसवलं आणि बोलावू तेव्हा या म्हणाले. नटाला प्रवेशापूर्वी एकांत लागतो हे पोरांना कळतं म्हणायचं.
आतून ऐकतो तो काय, गाणं दुप्पट वेगाने लावलेलं! तापात बरळणाऱ्या उंदराचा आवाज. दार उघडलं तर चिमणी त्याच वेगाने ओठ हलवते आहे, टेबलफॅनसमोर, आणि माझ्या लेखाची पानं घरभर. इतकी ढोबळ चूक एकाच्याही ध्यानात येऊ नये? धावत गेलो, थांबवलं. त्यांनी परत लावलं. परत थांबवलं. कॅमेरा परत करायची वेळ होईपर्यंत हेच. मी घरात नसतो तर अनर्थ झाला असता.

१५ फेब्रुवारी
कळलं ते असं. संथ गतीचं चित्र हवं असेल तर गाणं मुद्दाम दुप्पट वेगाने वाजवतात आणि गायिका त्या वेगाने ओठ हलवते. मग चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस मात्र ढगासारखे तरंगतात.
हे मला आधी सांगायला काय झालं होतं? सौ. म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बोलत होता.
मी ज्यात नाही असा एकही शॉट उरलेला नाही. कॅमेरा पुन्हा मिळायचा नाही. कन्या भांडेल म्हणून मी तयारीत होतो, पण ती नुसती दमलेली दिसली.
"बाबा, चकोर चांदणं पिऊन जगतो, सुंदरीची लाथ बसली की अशोक फुलतो, हे तूच शिकवलंस मला. मी कधी विचारलं, की कुठल्या झाडाला लाथ मारून पाहिलीस म्हणून? मग एखादी जिन्यात गायली तर तुझं काय जातं?"
मी म्हणालो, कवींनी पिढ्यानपिढ्या पाळलेला संकेत, म्हणजे कविसमय, वेगळा आणि हा थिल्लरपणा वेगळा. ती उठून गेली. फरक समजावून घ्यायलाही थांबली नाही. तसा तो मलाही अजून नीट मांडायचा आहे.

१८ फेब्रुवारी
कन्या बोलत नाही. मला काडीचा फरक पडत नाही. मीठ मागितलं, तिने सौ.कडे सरकवलं, सौ.ने माझ्याकडे. भाजी तशीही खारटच होती.
दुपारी तिच्या सरांना नाव न सांगता, 'एक हितचिंतक' म्हणून गुपचूप फोन केला. दोष पोरीचा नाही, मुदत वाढवा, म्हणालो. भले गृहस्थ, दोन दिवस द्यायला तयार झाले. इथे फोन ठेवायला हवा होता असं एखादा म्हणेल. पण मी ओघात विचारलं, की बंद खोलीतला वारा आपणच शिकवता का? चर्चा अभिजात पातळीवर झाली. शेवटी ते म्हणाले, मुदत आहे तीच राहील.
माणसाला शास्त्रचर्चा सोसत नसेल तर त्याने शिकवू नये. घरी यातलं काही सांगण्याची गरज नाही.

२० फेब्रुवारी
कन्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. प्रत्येक शॉटमध्ये तू आहेस, म्हणाली. दुसरं काही हातात नाही. वापरू का?
शेवटी माझ्याकडेच यावं लागलं. वरकरणी थोडा वेळ घेतला आणि उदारपणे म्हणालो, वापरा. ती "थँक्स बाबा" म्हणाली. इतक्या दिवसांनी 'बाबा' ऐकलं. म्हणजे मला फरक पडत नव्हताच.
शांतरसाचा विजय. संपादकांना आणि मुद्रितशोधकांना प्रदर्शनाचं बोलावणं केलं. माझी प्रमुख भूमिका आहे हे सहज कानावर घातलं.

२७ फेब्रुवारी
कॉलेजचं सभागृह. संपादक पहिल्या रांगेत.
चिमणी गाते आहे. केस तरंगताहेत. मागचं दार उघडतं आणि मी येतो, निम्म्या वेगाने. तोंड उघडतं, उघडतच राहतं. गाल आधी एकीकडे जातात, मग विचार करून परत येतात. लेखाची पानं भोवती पारव्यांसारखी उडताहेत. शब्द एक नाही, वर नुसतं गाणं. ध्रुवपदाला माझं बोट वर, बोट खाली, बरोबर ठोक्यावर. मौनीबाबाने काय कापलंय! मग जिन्यात, गच्चीवर, रस्त्यावर पोरं नाचतात (हे फोनवर घेतलेलं), आणि नाच म्हणजे काय, तर तेच बोट. वर, खाली, कमरेवर हात.
सभागृह उठून बोट नाचवू लागलं. संपादकही.
सर म्हणाले, पोरांना अडवणारा खवळलेला बाप हा या प्रकारातला सगळ्यात जुना संकेत, पण इतका जिवंत आपण पाहिला नाही. कन्येचा प्रकल्प वर्गात पहिला. तिने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. सरांना माझा आवाज ओळखीचा वाटला. मी घसा बसल्याची खूण केली.
मी सौ.ला म्हणालो, अभिनय मला जमतो हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली,
"अभिनय कुठे होता यात?"

२८ फेब्रुवारी
पेपरवाला उशिरा. चहा गार. वकीलबाईंचा नातू खिडकीखाली तेच गाणं म्हणतो आहे. आता मात्र खडसवायलाच हवं म्हणून उठलो, बोट वर केलं. कन्येने चमचा खाली ठेवला आणि बोट वर केलं. सौ.नेही केलं. दोघी ठोक्याची वाट बघत थांबल्या.
हात खिशात घातला. पायजम्याला खिसा नव्हता.